मोजणीबाहेरचे मुंबईकर : पदपथवासीयांच्या निवाऱ्याचा इतिहास

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्या कुटुंबांनी निवाऱ्यासाठी जो लढा दिला, त्याची ओळख आज बहुधा एका खटल्याच्या नावाने उरली आहे. ‘ओल्गा टेलिस विरुद्ध बॉम्बे म्युनिसिपल कॉर्पोरेशन’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 10 जुलै 1985 रोजी दिलेला निर्णय कायद्याच्या विद्यार्थ्यांना आवर्जून शिकवला जातो, आणि उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे त्यातील तत्त्व पुढील अनेक निकालांचा आधार ठरले. परंतु ज्या माणसांमुळे हा खटला उभा राहिला, त्यांच्या बाजूने पाहिले तर निकाल हा त्या इतिहासाचा शेवट नव्हता, आणि त्यातील सर्वांत निर्णायक टप्पाही नव्हता. त्यांची मूळ अडचण अशी होती की शासन ज्या याद्यांच्या आधारे भूखंड, घर, पाणी किंवा शिधापत्रिका देत असे, त्या याद्या तयार होताना पदपथ वगळला जात असे, आणि यादीत नसलेल्या माणसाविषयी शासनाचे उत्तरदायित्वही निर्माण होत नसे. मोठ्या शहरातील बेघरपणाचा प्रश्न जितका विटा-सिमेंटचा आणि जमिनीच्या किमतीचा असतो तितकाच तो गणतीचाही असतो, ही गोष्ट मुंबईच्या या प्रकरणातून स्पष्टपणे दिसून येते.

गिरणीची खोली आणि तिच्या बाहेरचा रस्ता

मुंबईत कापडगिरण्यांचा उद्योग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सुरू झाला आणि कोकण व देशावरील जिल्ह्यांतून माणसांचा ओघ शहराकडे वळला. परंतु मजूर हवा असलेल्या शहराने त्याच्या राहण्याची जबाबदारी प्रारंभापासूनच अर्धवट उचलली. गिरणगावातील चाळींत एकेका खोलीत अनेक पुरुष पाळीपाळीने झोपत, जेवणासाठी खाणावळीचा आधार घेत, आणि कुटुंब गावीच राहत असे. 1896 मध्ये प्लेगची साथ आल्यानंतर दाट वस्त्यांतील अस्वच्छता सुधारण्यासाठी 1898 मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली, पण जुन्या वस्त्या पाडण्याचा वेग नवी घरे उभारण्याच्या वेगापेक्षा अधिक राहिल्याने विस्थापितांची गर्दी लगतच्या मोहल्ल्यांत वाढली. 1920 च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने, म्हणजे आज ‘बीडीडी’ या अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या खात्याने, वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे चाळी बांधल्या. मात्र मूळ संकल्प 50,000 खोल्यांचा असताना प्रत्यक्षात सोळा हजारांच्या आसपास खोल्याच तयार झाल्या.

स्वातंत्र्यानंतर ही तूट आणखी रुंदावली. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांमुळे शहराची लोकसंख्या एकाएकी वाढली. त्याच सुमारास, 1947 मध्ये, भाडे नियंत्रणाचा कायदा आला आणि जुन्या भाडेकरूंना त्यामुळे संरक्षण मिळाले. परंतु भाडी गोठल्यामुळे भाड्याने देण्यासाठी नव्या चाळी बांधण्यात घरमालकांना रस उरला नाही, आणि जुन्या खोलीत शिरण्यासाठी द्यावी लागणारी पागडी मजुराच्या ऐपतीपलीकडे गेली. 1971 च्या जनगणनेत सुमारे 60 लाख असलेली मुंबईची लोकसंख्या 1981 मध्ये 82 लाखांवर पोचली. या दशकाच्या आरंभीच, 1972 मध्ये, महाराष्ट्रावर भीषण दुष्काळ कोसळला होता आणि शेतमजूर, अल्पभूधारक व गावगाड्यातील कारागीर यांची मोठी संख्या शहराकडे ढकलली गेली होती.

या माणसांपैकी ज्यांना झोपडपट्टीत जागा मिळाली, ते शहराच्या कडेला, खाडीकाठी किंवा टेकडीच्या उतारावर स्थिरावले. पण ज्यांचे काम गोदीत, घाऊक बाजारात, रेल्वेच्या मालधक्क्यावर किंवा जुन्या शहरातील घरकामात होते, त्यांना कडेच्या वस्तीतून रोज येण्याजाण्याचे भाडे परवडत नव्हते. पहाटे ट्रक रिकामा करणाऱ्या हमालाला पहाटे बाजाराजवळच असावे लागते, आणि चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला ती घरे चालत गाठता येतील एवढ्याच अंतरावर राहावे लागते. म्हणून भायखळा, नागपाडा, माझगाव या भागांतील पदपथांवर, गोदामांच्या भिंतींना टेकून, बांबू, गोणपाट आणि प्लास्टिकच्या कागदांची खोपटी उभी राहिली. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतर्फे 1972 मध्ये मुंबईतील पदपथवासीयांवरील पी. रामचंद्रन यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, म्हणजे हा प्रश्न अभ्यासकांना तेव्हाच दिसू लागला होता. शासकीय धोरणात मात्र त्याला स्वतंत्र स्थान मिळण्यास आणखी दोन दशकांहून अधिक काळ जावा लागला.

1976 ची गणना आणि 1981 चा आदेश

झोपडपट्ट्यांविषयीचे शासनाचे धोरण 1970 च्या दशकात बदलले. केवळ पाडकाम करून वस्त्या नाहीशा होत नाहीत, हे ध्यानात आल्यावर 1971 मध्ये महाराष्ट्र झोपडपट्टी सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकास अधिनियम संमत झाला आणि वस्त्यांमध्ये नळ, शौचालये व दिवे पुरवण्यास कायद्याचे अधिष्ठान मिळाले. त्यानंतर जानेवारी 1976 मध्ये सार्वजनिक जमिनींवरील झोपड्यांची एकाच वेळी गणना करण्यात आली. तिच्यात सुमारे 28 लाख लोकांची नोंद झाली आणि नोंदलेल्या कुटुंबांना छायाचित्रासह ओळखपत्र देण्यात आले, ज्याला वस्त्यांमध्ये ‘फोटोपास’ म्हणतात. झोपडी सरकारी कामासाठी हलवावी लागली तर फोटोपासधारकाला पर्यायी जागा मिळण्याची आशा निर्माण झाली, आणि त्यामुळे हा कागद घराच्या दारापेक्षाही जपून ठेवण्याची वस्तू बनला. या गणनेने झोपडीधारकांना शासनाच्या दप्तरात आणले, पण पदपथावरील बिऱ्हाडे तिच्यातून जवळपास पूर्णपणे वगळली गेली, कारण पदपथ हा राहण्याच्या जागेचा प्रकार म्हणून मानलाच जात नव्हता. मुंबई महानगरपालिकेच्या 1888 च्या अधिनियमातील 314 व्या कलमानुसार रस्त्यावरील व पदपथावरील अतिक्रमण आयुक्तांना पूर्वसूचनेशिवाय काढून टाकता येत असे, आणि कायद्याच्या दृष्टीने पदपथावरील खोपट व तेथे टाकलेली लाकडाची मोळी यांत भेद नव्हता.

अशा स्थितीत 13 जुलै 1981 रोजी मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले यांनी जाहीर केले की मुंबईतील सर्व पदपथवासीयांना हटवून त्यांच्या मूळ गावी अथवा शहराबाहेर पाठवले जाईल, आणि या कामी महापालिकेला साहाय्य करण्याचे आदेश पोलिस आयुक्तांना देण्यात आले. असल्या तकलादू खोपट्यांत पावसाळ्यात राहणे अमानुष आहे, असे या निर्णयाचे समर्थन करण्यात आले. कारवाई मात्र त्याच पावसाळ्यात सुरू झाली. संघटना व कार्यकर्ते मुंबई उच्च न्यायालयात गेले, तेव्हा प्रारंभी तात्पुरती मनाई मिळाली आणि पुढे 15 ऑक्टोबर 1981 पर्यंत झोपड्या न पाडण्याचे ठरले. त्या बदल्यात रहिवाशांच्या वकिलांनी दोन गोष्टी मान्य केल्या: पदपथावर झोपडी बांधण्याचा मूलभूत हक्क ते सांगणार नाहीत, आणि 15 ऑक्टोबरनंतर पाडकामास अडथळा करणार नाहीत. तरीही 23 जुलै रोजी अनेक कुटुंबांना एसटीच्या गाड्यांत बसवून मुंबईबाहेर नेण्यात आले, आणि या प्रवासात दोन बालके जन्मली व दोन दगावली, असे पुढे सर्वोच्च न्यायालयातील याचिकेत नमूद झाले. निवारा हक्क सुरक्षा समिती ही संघटना याच हकालपट्टीला उत्तर म्हणून उभी राहिली.

सर्वोच्च न्यायालयातील युक्तिवाद

सर्वोच्च न्यायालयापुढील एका याचिकेत पत्रकार ओल्गा टेलिस यांच्यासमवेत दोन पदपथवासी अर्जदार होते, आणि त्यांच्या जीवनाचा जो तपशील निकालपत्रात आला आहे, तो त्या काळच्या स्थलांतराचा दुर्मीळ दस्तऐवज आहे. त्यांपैकी एक भूमिहीन मजूर तामिळनाडूतील सेलमहून दुष्काळामुळे 1961 मध्ये मुंबईस आला, दहिसर येथील रसायनांच्या कंपनीत 23 रुपये रोजावर काम करू लागला, आणि पदपथावरील प्लास्टिकच्या आडोशासाठी त्याला एका झोपडीदादाला 2,500 रुपये द्यावे लागले. दुसरा अहमदनगर जिल्ह्यातील संगमनेरचा. गावी चांभारकाम करून दिवसाला सात-आठ रुपये मिळवणारा हा माणूस घर कोसळल्यावर 1969 मध्ये मुंबईस आला, महिना 350 रुपयांवर बदली कामगार, म्हणजे कायम कामगाराच्या गैरहजेरीत कामावर घेतला जाणारा मजूर, म्हणून लागला, आणि तुळशीवाडी येथील पदपथावर जागा मिळवण्यासाठी त्याने स्थानिक गुंडाला 300 रुपये दिले. बांबू आणि प्लास्टिकचा खर्च 700 रुपये झाला, तो वेगळा. पदपथ ही फुकट जागा आहे, ही सर्वसाधारण समजूत या दोन नोंदींनी खोटी ठरते. ज्यांच्याकडे कमीत कमी पैसा होता, त्यांनाही या शहरात जागेची किंमत मोजावी लागत होती, फक्त ती पावतीशिवाय मोजावी लागत होती. सेलमच्या मजुराचे खोपट 23 जुलै 1981 रोजी पाडून त्याला कुटुंबासह बसने गावी पाठवण्यात आले. पत्नी व मुली तेथे राहिल्या, आणि काम नसल्याने तो पुन्हा मुंबईच्या पदपथावर परतला. संगमनेरच्या अर्जदाराचे खोपट त्याआधीच, जानेवारी 1980 मध्ये, पाडले गेले होते आणि त्याने ते पुन्हा उभारले होते. दुसऱ्या एका याचिकेत विलेपार्ले येथील कामराजनगर या वस्तीतील रहिवासी होते. पश्चिम द्रुतगती महामार्गालगत जलवाहिन्या टाकण्यासाठी आणलेल्या मजुरांनी 1960 च्या आसपास ही वस्ती बसवली होती.

रहिवाशांच्या बाजूने इंदिरा जयसिंग, विठ्ठल महादेव तारकुंडे आणि राम जेठमलानी यांच्यासारखे वकील उभे राहिले. त्यांच्या मांडणीचा गाभा असा की माणसाचे काम जेथे आहे तेथून त्याला हुसकावणे म्हणजे त्याचे काम काढून घेणे, आणि काम काढून घेणे म्हणजे राज्यघटनेच्या 21 व्या अनुच्छेदाने दिलेला जगण्याचा हक्क पोकळ करणे होय. शासनाने ग्रामीण भागात रोजगार हमी योजनेद्वारे काम उपलब्ध असल्याचे सांगितले, तर महापालिकेने पदपथ हे पादचाऱ्यांसाठी असतात, तेथील वस्तीमुळे वाहतूक व आरोग्य धोक्यात येते आणि गुन्हेगारीला आश्रय मिळतो, अशी बाजू मांडली. पादचाऱ्यांची अडचण खरी होती, आणि न्यायालयानेही ती खरी मानली. परंतु काम देणाऱ्या शहराने कामगाराच्या झोपण्याची जागा कोठे ठेवली, या प्रश्नाचे उत्तर त्या बाजूकडे नव्हते.

मुख्य न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा निर्णय चंद्रचूड यांच्या निवृत्तीच्या आदल्या दिवशी आला. उच्च न्यायालयात वकिलांनी दिलेली कबुली रहिवाशांना बांधील नाही, कारण मूलभूत हक्क कोणालाही सोडून देता येत नाहीत, हे पीठाने प्रथम स्पष्ट केले. त्यानंतर, उपजीविकेचे साधन काढून घेतल्यास जगणेच अशक्य होते, म्हणून उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा घटक आहे, हे ऐतिहासिक तत्त्व त्याने मांडले. लोक पदपथावर राहतात ते गुन्ह्याच्या हेतूने नव्हे, तर दुसरा मार्ग नसल्यामुळे, हेही निकालात मान्य झाले. परंतु पदपथावर घर करण्याचा हक्क कोणालाही नाही, आणि 314 वे कलम घटनाबाह्य नाही, असाही निर्णय झाला. नोटीस न देता कारवाई करण्याची मुभा हा अपवादात्मक परिस्थितीसाठी दिलेला अधिकार आहे, सामान्यतः आयुक्तांनी बाधितांचे म्हणणे ऐकले पाहिजे, असा त्या कलमाचा अर्थ लावला गेला; तथापि या खटल्यातील रहिवाशांना सर्वोच्च न्यायालयातच पुरेशी सुनावणी मिळाली, असे म्हणून त्यांना वेगळी सुनावणी देण्यात आली नाही.

आदेशाचा प्रत्यक्ष भाग तत्त्वाच्या तुलनेत संकुचित होता. 1976 मध्ये ज्यांची गणना झाली होती, त्यांना मालवणी किंवा सोयीच्या अन्य ठिकाणी झोपडीपुरता भूखंड द्यावा, मात्र भूखंड मिळेपर्यंत कारवाई थांबवावी असे नाही; वीस वर्षांहून जुन्या व सुधारणा झालेल्या वस्त्या सार्वजनिक कामासाठी जागा लागल्याखेरीज हलवू नयेत; जागतिक बँकेच्या साहाय्याने आखलेल्या अल्प उत्पन्न गटाच्या निवारा योजनेची अंमलबजावणी तळमळीने व्हावी; आणि पावसाळा संपून महिना जाईपर्यंत, म्हणजे 31 ऑक्टोबर 1985 पर्यंत, पाडकाम करू नये, अशी त्याची कलमे होती. पहिल्या कलमातच या प्रकरणाचा पेच सामावला आहे. भूखंडाची पात्रता 1976 च्या गणनेवर ठरणार होती आणि पदपथवासी त्या गणनेत जवळपास नव्हतेच, त्यामुळे ज्यांच्या नावाने निकाल ओळखला जातो त्यांच्यापैकी बहुतेकांच्या हाती निकालाने साडेतीन महिन्यांच्या मुदतीपलीकडे फारसे काही आले नाही.

स्त्रियांनी केलेली मोजणी

न्यायालयात जे साधले नव्हते, त्याचा प्रारंभ भायखळ्यातील पदपथांवर झाला. 1984 मध्ये शीला पटेल, प्रेमा गोपालन, सेलिन डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्पार्क’ ही संस्था स्थापन केली, आणि भायखळ्यातील महापालिकेच्या दवाखान्यामागील एका गॅरेजात तिचे केंद्र सुरू झाले. पदपथांवरील स्त्रिया तेथे येऊन बसत, आणि पाडकामाची गाडी आली की सामान कसे वाचवायचे, शिधापत्रिका कशी मिळवायची, पोलिस ठाण्यात एकटीने न जाता मिळून कसे जायचे, या रोजच्या प्रश्नांतून त्यांची संघटना घडत गेली. पुढे तिला ‘महिला मिलन’ हे नाव मिळाले.

निकालानंतर नोव्हेंबरमध्ये काय होईल ही भीती पसरली असताना, 1985 मध्ये या स्त्रियांनी आणि स्पार्कने महापालिकेच्या ई विभागातील व काही मोठ्या रस्त्यांवरील पदपथांची घरोघर गणना केली. त्यात सुमारे 6,000 कुटुंबे, म्हणजे सुमारे 27,000 माणसे, नोंदली गेली, आणि ‘वुई, द इनव्हिजिबल’, म्हणजे ‘आम्ही, अदृश्य’, या शीर्षकाने तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. दुष्काळ, जमीन गमावणे आणि गावातील अन्याय यांमुळे आलेली, वर्षानुवर्षे त्याच जागी राहणारी आणि कामाच्या ठिकाणापासून चालत जाण्याच्या अंतरावर मुद्दाम टिकून असलेली कष्टकरी कुटुंबे त्या आकड्यांतून दिसली. फिरते, बेभरवशाचे, गुन्हेगार अशी जी प्रतिमा सरकारी प्रतिज्ञापत्रांत होती, तिला विश्वासार्ह उत्तर मिळाले. शिवाय गणना करणारे हात रहिवाशांचेच असल्याने घरांना क्रमांक पडले, शेजार निश्चित झाला आणि कुटुंबप्रमुख म्हणून बायकांची नावे लिहिली गेली. म्हणजे माहिती गोळा होता होता वस्ती उभी राहत गेली. 31 ऑक्टोबरनंतर सरसकट हकालपट्टी होईल अशी जी भीती होती, ती त्या प्रमाणात खरी झाली नाही, तरी अधूनमधून होणारे पाडकाम चालूच राहिले.

या कामात आणखी एका प्रवाहाची भर पडली. जोकीन अर्पुथम यांनी 1970 च्या दशकात ट्रॉम्बे परिसरातील जनता कॉलनी वाचवण्याचा लढा दिला होता. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या लगतची ही सुमारे 70,000 लोकांची वसाहत आणीबाणीत, मे 1976 मध्ये, उठवून चीता कॅम्प येथे हलवण्यात आली. पाडकामाला विरोध करण्याइतकेच पर्यायाचा आराखडा हातात असणे आवश्यक आहे, हा धडा घेऊन त्यांचे नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात स्पार्क व महिला मिलन यांच्याशी जोडले गेले. स्त्रियांनी दररोज दोन-चार रुपयांची बचत जमा करण्याची पद्धत बसवली, घरासाठी वेगळी ठेव सुरू केली, आणि किती जागा पुरते हे समजण्यासाठी साड्यांनी मापे घेतली. 1987 मध्ये भायखळ्यात पूर्ण आकाराच्या नमुनाघराचे प्रदर्शन भरवण्यात आले. त्या घराची उंची 14 फूट होती, जेणेकरून आत पोटमाळा घालता येईल आणि थोड्या जमिनीवर दोन पातळ्यांवर कुटुंब राहू शकेल. अभियंत्यांनी आधी आराखडा करून मग रहिवाशांना दाखवावा, हा नेहमीचा क्रम येथे उलटला होता.

याच वर्षांत अन्य वस्त्यांतूनही दबाव वाढत होता. नरिमन पॉइंटच्या परिसरातील संजय गांधी नगर ही, त्या भागातील उंच इमारती बांधणाऱ्या मजुरांची वस्ती, मार्च 1986 मध्ये पाडली गेली, तेव्हा शबाना आझमी आणि आनंद पटवर्धन यांच्यासह कार्यकर्त्यांनी उपोषण केले आणि रहिवाशांना गोरेगाव परिसरात पर्यायी जागा मिळाली. पटवर्धन यांच्या ‘बॉम्बे : अवर सिटी’ या 1985 च्या माहितीपटाने पाडकामाचे दृश्य शहरातील मध्यमवर्गापुढे आणले होते. तथापि नरिमन पॉइंटहून गोरेगाव म्हणजे कामापासूनचे अंतर सुमारे तीस किलोमीटरने वाढणे, त्यामुळे जागा मिळाली तरी उपजीविकेचा प्रश्न उरत होता. निकालात मान्य झालेले काम व घर यांचे नाते अंमलबजावणीत असे वारंवार तुटत राहिले.

पात्रतेची तारीख आणि तिच्या अलीकडचे लोक

1995 मध्ये सत्तेवर आलेल्या शिवसेना-भाजप युती शासनाने 40 लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरे देण्याची घोषणा केली, अफझलपूरकर समितीने योजनेचा आराखडा दिला आणि वर्षअखेरीस झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण अस्तित्वात आले. विकासकाने मूळ रहिवाशांना 225 चौरस फुटांची सदनिका विनामूल्य बांधून द्यायची आणि त्या मोबदल्यात मिळालेल्या जादा बांधकामक्षमतेतून खुल्या बाजारात विक्री करून खर्च व नफा वसूल करायचा, अशी तिची रचना होती. पदपथवासीयांच्या दृष्टीने महत्त्वाची बाब ही की 1 जानेवारी 1995 पूर्वीच्या मतदार यादीत नाव असलेली पदपथावरील कुटुंबेही या योजनेत पात्र ठरली. ‘पदपथावरील रहिवासी’ हा पुनर्वसनाचा मान्य वर्ग होण्यास एवढा काळ लागला, आणि त्यामागे एका दशकाची बचत, गणना व वाटाघाटी होत्या. त्यानंतर भायखळ्यातील स्त्रियांची मिलन नगर ही सहकारी संस्था मानखुर्द येथे उभी राहिली. पदपथावर आयुष्य काढलेल्या बायका स्वतःच्या नावाच्या घरात राहायला गेल्या, आणि रेल्वेमार्गालगतच्या हजारो कुटुंबांच्या पुनर्वसनातही त्यांनी विकसित केलेली गणनेची व गट पाडण्याची पद्धत उपयोगी पडली. 2000 मध्ये अर्पुथम यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोवर ही पद्धत आफ्रिका व आशियातील अनेक शहरांतील वस्त्यांपर्यंत पोचली होती.

परंतु पात्रतेच्या तारखेने जसे काहींना आत घेतले, तसे त्या तारखेनंतर आलेल्यांना बाहेर ठेवले. ही तारीख पुढे 1 जानेवारी 2000 पर्यंत आणि नंतर सशुल्क घरांसाठी 2011 पर्यंत वाढवण्यात आली, तरी तत्त्व तेच राहिले. त्याहून बिकट अवस्था ज्यांच्याजवळ खोपटही नाही अशांची आहे. रात्री दुकानाच्या पायरीवर, उड्डाणपुलाखाली, रेल्वे स्थानकाबाहेर अंथरूण घालणारे नाका कामगार, हमाल, घरातून टाकलेले वृद्ध, मनोरुग्ण आणि मुलाबाळांसह रस्त्यावर आलेल्या स्त्रिया यांना पाडण्यासारखी झोपडी नसल्याने पुनर्वसनाच्या कोणत्याही योजनेत जागा नसते. त्यांच्याशी शासनाचा संबंध दीर्घकाळ मुख्यत्वे 1959 च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याद्वारे आला. उपजीविकेचे दृश्य साधन नसलेल्या व सार्वजनिक जागी फिरणाऱ्या माणसालाही भिक्षेकरी ठरवून ताब्यात घेता येईल, इतकी त्यातील व्याख्या व्यापक आहे. दिल्लीत लागू असलेल्या याच कायद्यातील दंडात्मक तरतुदी दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2018 मध्ये रद्द केल्या. महाराष्ट्रात मात्र त्या निकालाचा अंमल नाही.

या गटासाठी रात्रनिवाऱ्यांची मागणी पुन्हा न्यायालयामार्फतच पुढे आली. दिल्लीतील कडाक्याच्या थंडीत निवारा पाडल्याच्या प्रकरणानंतर, अन्न हक्काच्या चालू खटल्यातच, सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये असे आदेश दिले की मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे निदान एक, वर्षभर आणि दिवसरात्र चालणारा निवारा असावा. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात हेच प्रमाण आले आणि माणशी 50 चौरस फूट जागेचा निकष ठरला. 2011 च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या 1 कोटी 24 लाख होती, म्हणजे या प्रमाणाने शहरात सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. प्रत्यक्ष संख्या त्याच्या जवळपासही गेलेली नाही. त्याच जनगणनेत मुंबईत सुमारे 57 हजार बेघर नोंदले गेले, आणि देशातील एकूण बेघरांची संख्या 2001 च्या तुलनेत घटून 17 लाख 73 हजारांवर आली असताना शहरी बेघरांची संख्या मात्र 7 लाख 78 हजारांवरून 9 लाख 38 हजारांवर गेली. जनगणना बेघरांची मोजणी एकाच रात्री करते, आणि रात्रपाळीवर असलेली किंवा पोलिसांच्या भीतीने जागा बदलणारी माणसे त्या रात्री सापडणे कठीण असते. म्हणून बेघरांबरोबर काम करणाऱ्या संस्था या आकड्यांना अपुरे मानतात.

इतिहासाचा निष्कर्ष

या चार दशकांच्या इतिहासातून काही गोष्टी निःसंदिग्धपणे सिद्ध होतात. हकालपट्टीने बेघरपणा कमी झाला नाही. सेलमला पाठवलेला मजूर परत आला, कारण त्याचे काम मुंबईत होते आणि त्याच्या गावी नव्हते. न्यायालयीन तत्त्व आवश्यक होते, कारण त्यामुळे पदपथावरील माणसाकडे अतिक्रमण म्हणून नव्हे तर हक्कधारक म्हणून पाहण्याची भाषा निर्माण झाली. पण गणनेच्या आधाराशिवाय ते तत्त्व ज्यांच्यासाठी होते त्यांच्यापर्यंत पोचले नाही. प्रत्यक्ष घर मिळाले ते त्यांना, ज्यांनी स्वतःची नोंद स्वतः केली, बचत केली आणि आराखडा घेऊन वाटाघाटीला बसण्याइतकी संघटित शक्ती उभी केली. आणि त्यात पुढाकार अशा स्त्रियांचा होता ज्यांना कोणत्याही कार्यालयात पूर्वी कोणी बसायला खुर्ची दिली नव्हती.

यातून आजच्या धोरणकर्त्यांवर तीन जबाबदाऱ्या येतात. पहिली, बेघरांची मोजणी दहा वर्षांतून एका रात्रीपुरती न ठेवता शहराने ती सातत्याने, बेघरांच्याच सहभागाने आणि अटकेच्या भीतीपासून पूर्ण वेगळी ठेवून करावी. दुसरी, निवारा आणि घर दोन्ही कामाच्या जवळ असावे, कारण काम व निवास यांतील अंतर वाढले की गरीब माणूस घर सोडून पुन्हा कामाजवळच्या रस्त्यावर येतो. तिसरी, पात्रतेची तारीख ही प्रशासनाची सोय आहे, न्यायाचा निकष नव्हे, हे मान्य करून तिच्यानंतर शहरात आलेल्यांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या खोल्यांची कायमस्वरूपी व्यवस्था उभारावी. बीडीडीच्या चाळी कितीही अपुऱ्या असल्या तरी, कामगाराच्या निवासाची काही जबाबदारी सार्वजनिक संस्थेची आहे, ही कल्पना मुंबईने शंभर वर्षांपूर्वी स्वीकारली होती आणि पुढे सोडून दिली. मुंबई उभारणाऱ्या हातांना मुंबईत झोपायला जागा देणे हे उपकाराचे काम नसून शहराचे देणे आहे, आणि ते देणे फेडायचे असेल तर आरंभ प्रत्येक माणसाचे नाव शहराच्या यादीत लिहिण्यापासून झाला पाहिजे.